दोन किलोबाइट रॅममध्ये पाच कामं: आरटीओएस घ्यावी की लूपच नीट लिहावा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एटीमेगा३२८पी (एव्हीआर घराण्यातला ८ बिटांचा मायक्रोकंट्रोलर), १६ मेगाहर्ट्झ, २ किलोबाइट रॅम. डीएस१८बी२० या सेन्सरवरून तापमान वाचायचं, हीटर चालू-बंद करायचा, १६ बाय २ च्या एलसीडीवर आकडे दाखवायचे, तीन बटणं सांभाळायची आणि ९६०० बॉडच्या सिरीयलवर संगणकाकडून येणारे आदेश ऐकायचे. सगळं एका लूपमध्ये लिहिलं तेव्हा बटण दाबलेलं कळत नव्हतं आणि सिरीयलची अक्षरं गळत होती. कुणीतरी सुचवलं म्हणून फ्रीआरटीओएस (एक आरटीओएस, म्हणजे अनेक कामं आळीपाळीने चालवणारी छोटी रिअल-टाइम ऑपरेटिंग सिस्टीम) घालून पाच टास्क केले, प्रत्येकाला १२८ बाइटांचा स्टॅक (परतीचे पत्ते आणि स्थानिक व्हेरिएबल्स ठेवायची जागा) दिला. बटणं सुधारली, पण आता दोन-चार तासांनी बोर्ड अडकतो, कधी आपणहून रीसेट होतो. मग मल्टिटास्किंग करायचं तरी कसं?

आधी दोन्ही दुखणी वेगळी करू. पहिलं दुखणं कोडमध्ये बसून वाट बघण्याचं होतं. दुसरं जवळजवळ नक्की स्टॅकचं आहे. पहिल्यावर तुम्ही जे औषध घेतलं त्याने दुसरं झालं. पहिलं डोळ्यांना दिसत तरी होतं. दुसरं चार तासांनी आणि भलत्याच जागी दिसतं, म्हणून ते जास्त वाईट.

पद्धत निवडताना लोक कामं मोजतात: पाच कामं आहेत, म्हणजे पाच टास्क. कामांच्या संख्येवरून काहीच ठरत नाही. ठरतं ते दोन आकड्यांवरून. सगळ्यात लांब, मध्ये न तोडता येणारा तुकडा प्रोसेसरला किती वेळ धरून ठेवतो? आणि सगळ्यात घाईचं काम किती वेळ थांबू शकतं? पहिला आकडा दुसऱ्यापेक्षा बराच लहान असेल तर साधा लूप पुरतो, मग कामं पाच असोत की पंचवीस. पहिला मोठा असेल तर दोनच कामं असली तरी लूप अपुरा पडतो.

तुमचेच आकडे मांडून बघू, कारण इथेच बहुतेक उत्तर सापडतं.

डीएस१८बी२० ला १२ बिटांचं रूपांतर करायला जास्तीत जास्त ७५० मिलिसेकंद लागतात. पण ते काम सेन्सर करतो, प्रोसेसर नाही. प्रोसेसरचा वाटा किती? सेन्सर ज्या एका तारेवरून बोलतो त्या वन-वायरवर रीसेटचा पल्स आणि त्याचं उत्तर मिळून साधारण १ मिलिसेकंद. एका बिटाला किमान ६० मायक्रोसेकंद आणि वर थोडी उसंत, म्हणजे एका बाइटाला अर्धा मिलिसेकंद किंवा किंचित जास्त. ‘रूपांतर सुरू कर’ सांगायला रीसेट आणि दोन बाइट, म्हणजे २ मिलिसेकंद. उत्तर वाचायला रीसेट, दोन बाइट आणि सेन्सरच्या स्मृतीतले नऊ बाइट, म्हणजे साधारण ७. एकूण ९ मिलिसेकंदांचं काम, आणि तुम्ही डिले घालून त्यासाठी पाऊण सेकंद दार लावून बसत होता.

त्या पाऊण सेकंदात सिरीयलचं काय होत होतं? ९६०० बॉडला एक बाइट १.०४ मिलिसेकंदात येतो. आर्डुइनोची सिरीयल लायब्ररी वापरत असाल तर ६४ बाइटांचा बफर (तात्पुरता साठा) इंटरप्टमधून, म्हणजे चालू काम क्षणभर थांबवून हार्डवेअरने बोलावलेल्या फंक्शनमधून, आपोआप भरला जातो. तो ६७ मिलिसेकंदांत भरतो. त्यापुढचं सगळं वाहून जातं. लायब्ररी न वापरता थेट रजिस्टर वाचत असाल तर हार्डवेअरमध्ये जेमतेम दोन-तीन बाइटांची जागा आहे, म्हणजे दोन-तीन मिलिसेकंदांची मुभा.

बटणाचं काम सोपं. माणूस घाईत दाबतो तेव्हाही बटण काही दशक मिलिसेकंद दाबलेलं राहतं, आणि संपर्काची थरथर साधारणपणे काही मिलिसेकंदांत संपते. दर ५ किंवा १० मिलिसेकंदांनी बघितलं आणि सलग तीन-चार वेळा तीच स्थिती दिसली की मानायचं, एवढ्याने भागतं. बटणासाठी इंटरप्ट लावू नका. एका दाबण्यात थरथरीचे वीस इंटरप्ट येतात आणि मग ते गाळायला वेगळं कोड लिहावं लागतं.

एलसीडीच्या कंट्रोलरला एका अक्षराला ४० मायक्रोसेकंदांच्या आसपास पुरतात, पडदा पुसायला मात्र दीड मिलिसेकंद. तयार लायब्रऱ्या सावधपणे यापेक्षा जास्त थांबतात, त्यामुळे पूर्ण ३२ अक्षरांना २ पासून १० मिलिसेकंदांपर्यंत काहीही लागू शकतं. मोजून घ्या. दर वेळी पडदा पुसून पुन्हा लिहिण्याऐवजी जुन्या अक्षरांवरच नवी लिहा. वेळही वाचतो आणि लुकलुकही थांबते.

हीटर सेकंदांच्या हिशेबात चालतो. त्याला १०० मिलिसेकंदांनी भेट दिली तरी त्याचं काही बिघडत नाही. (जाता जाता: हीटर आहे म्हणून सांगतो. जास्त तापल्यावर वीज तोडणारा थर्मल फ्यूज किंवा थर्मोस्टॅट स्वतंत्र, सॉफ्टवेअरला न विचारणारा असाच ठेवा. खाली जे काही लिहिलंय ते सगळं नीट केलं तरीही.)

आता बेरीज. सेन्सर वाचणं ७, एलसीडी समजा ८, आदेशाचा अर्थ लावणं १, हीटरचं गणित १. एका फेरीला फार तर १७ मिलिसेकंद. साध्या लूपमध्ये कुठल्याही कामाला सगळ्यात वाईट वेळी बाकी सगळ्यांची बेरीज होईल इतकं थांबावं लागतं. त्यातलं सगळ्यात मोठं एकच नव्हे, बेरीज. हा मुद्दा बऱ्याच जणांकडून सुटतो. तरी १७ मिलिसेकंद म्हणजे बटणाला चालण्यासारखे, सिरीयलच्या बफरला तर अगदीच आरामाचे. आणि ते कमीही करता येतात: सेन्सरचा एका फेरीत एकच बाइट वाचा, एलसीडीवर एका फेरीत एकच अक्षर टाका. मग पूर्ण फेरी ३-४ मिलिसेकंदांत येते. डोळ्याला काही कळत नाही.

म्हणजे तुमच्या यंत्राला आरटीओएसची गरज नाही. आरटीओएस वाईट असते असं नाही; तुमच्याकडे ती सोडवेल असा प्रश्नच नाही.

आता लूप नीट कसा लिहायचा ते.

जिथे जिथे डिले लिहिला आहे तिथे तिथे काम तोडायचं. सेन्सरच्या कामाच्या तीन अवस्था होतात: आदेश दे, वाट बघ, वाच. एका लहान व्हेरिएबलमध्ये सध्याची अवस्था ठेवा. फंक्शन बोलावलं की ते अवस्था बघतं, आपला तुकडा करतं आणि लगेच परत येतं. ‘वाट बघ’ या अवस्थेत ते फक्त घड्याळ बघतं आणि वेळ झाली नसेल तर निघून जातं. यालाच स्टेट मशीन म्हणतात. नाव भारदस्त आहे, वस्तू साधी आहे.

घड्याळ बघताना एक चूक सगळेच एकदा तरी करतात. ‘आत्ताची वेळ पुढच्या ठरलेल्या वेळेपेक्षा मोठी आहे का’ असं विचारू नका. आत्ताच्या वेळेतून मागची वेळ वजा करा आणि तो फरक मुदतीएवढा झाला का ते विचारा, दोन्ही संख्या बिनचिन्हाच्या ठेवून. ३२ बिटांचा मिलिसेकंदांचा काउंटर ४९.७ दिवसांनी शून्यावर येतो. वजाबाकी केली तर त्या क्षणीही उत्तर बरोबर येतं. थेट तुलना केली तर यंत्र पन्नासाव्या दिवशी वेड्यासारखं वागतं, आणि तोपर्यंत ते तुमच्या टेबलावरून दुसरीकडे गेलेलं असतं. रॅम वाचवायची असेल तर १६ बिटांचा काउंटरही चालतो, फक्त मुदत ६५ सेकंदांच्या आत हवी.

मागची वेळ नोंदवतानाही दोन रीती आहेत. ‘आत्ता’ नोंदवलं तर दर फेरीचा उशीर साठत जातो आणि काम हळूहळू मागे सरकतं. मागच्या ठरलेल्या वेळेत मुदत मिळवली तर सरकत नाही. बटणांना काही फरक पडत नाही. काहीतरी मोजून सरासरी काढत असाल तर पडतो.

आता इंटरप्ट. त्यात फक्त तेवढंच करायचं जे नंतर केलं तर हरवेल: आलेला बाइट बफरात टाकणं, टिक म्हणजे वेळेचा काउंटर वाढवणं, सिग्नलच्या एखाद्या कडेची वेळ टिपणं. बाकी सगळं बाहेर, लूपमध्ये. इंटरप्टमध्ये छापणं, एलसीडीला हात लावणं, गणित मांडणं हे सगळं वर्ज्य. त्यात घालवलेला प्रत्येक मायक्रोसेकंद बाकीच्या सगळ्यांच्या खिशातून जातो.

आणि इंटरप्ट व लूप यांच्यामध्ये वाटून घेतलेली व्हेरिएबल्स हा या धंद्यातला सगळ्यात जुना सापळा. ‘व्होलाटाइल’ लिहिलं की झालं, असं अनेकांना वाटतं. तो शब्द कंपायलरला एवढंच सांगतो की दर वेळी मेमरीतून खरोखर वाच. वाचन एका झटक्यात होईल याची तो हमी देत नाही. ८ बिटांच्या प्रोसेसरवर दोन बाइटांची संख्या दोन सूचनांमध्ये वाचली जाते. काउंटर २५५ वर आहे. तुम्ही खालचा बाइट वाचला, २५५ मिळाला. तेवढ्यात टिकचा इंटरप्ट आला आणि काउंटर २५६ झाला. आता तुम्ही वरचा बाइट वाचला, तो १ आहे. तुमच्या हातात पडले ५११.

मी यात पुरता भाजलो आहे. एका पंपाच्या कंट्रोलरमध्ये कधीतरी, आठवड्यातून एखाद्या वेळी, पंप पाव सेकंद आधी बंद व्हायचा. मी सेन्सर बदलला, वायरी बदलल्या, पॉवर सप्लायवर आणखी कपॅसिटर लावले, रिलेला नावं ठेवली. शेवटी चुकीचा फरक नेमका २५६ चा आहे हे लक्षात आलं आणि डोक्यावर हात मारला. २५६ दिसलं की बाइटाच्या कडेवर काहीतरी सांडलंय असं समजावं. उपाय दोन ओळींचा: इंटरप्ट बंद करा, संख्या स्थानिक व्हेरिएबलमध्ये उतरवा, इंटरप्ट पूर्वी जसे होते तसे करा. ‘पूर्वी जसे होते तसे’ हे महत्त्वाचं, डोळे झाकून चालू करू नका. आधीच कुणी बंद केलेले असतील तर त्याचा बेत मोडतो. एव्हीआरच्या सी लायब्ररीत यासाठी तयार मॅक्रो आहे, तो वापरा.

सिरीयलच्या गोल बफरला मात्र इंटरप्ट बंद करण्याचीही गरज पडत नाही, जर भरणारा एकच आणि उपसणारा एकच असेल. भरण्याची जागा फक्त इंटरप्ट पुढे सरकवतो, उपसण्याची फक्त लूप, आणि दोन्ही जागा एकेका बाइटाच्या. बफराचा आकार ३२ किंवा ६४ असा दोनाच्या घातातला ठेवला तर गुंडाळणंही एका ‘अँड’ मध्ये होतं.

स्टेट मशीनची खरी अडचण येते ती लांबलचक क्रमाच्या कामात. मेनू घ्या: हे दाखव, बटणाची वाट बघ, ते दाखव, पुन्हा वाट बघ, तीस सेकंदांत काही दाबलं नाही तर मागे जा. याचं स्टेट मशीन केलं की पंधरा अवस्था होतात आणि तीन महिन्यांनी लिहिणाऱ्यालाच वाचता येत नाहीत. अशा ठिकाणी अ‍ॅडम डंकेल्स यांचे प्रोटोथ्रेड्स मला फार आवडतात. सीच्या स्विचची एक करामत वापरून ते फंक्शनला ‘इथे थांब, पुढच्या वेळी इथूनच सुरू कर’ असं सांगू देतात. प्रत्येक प्रोटोथ्रेडला लागतात दोन बाइट. स्वतंत्र स्टॅक नाही. कोड वरून खाली सरळ वाचता येतं. बदल्यात दोन पथ्यं आहेत. थांबताना स्थानिक व्हेरिएबल्स टिकत नाहीत, म्हणून टिकवायची ती स्टॅटिक करा. आणि त्या फंक्शनमध्ये आपला स्विच वापरून त्याच्या आत थांबू नका, दोन्ही एकमेकांत गुंततात. पहिलं पथ्य विसरलं तर कंपायलर बहुधा काही बोलत नाही, म्हणून मी अशा फंक्शनमध्ये स्थानिक व्हेरिएबल लिहीतच नाही.

आता तुमच्या अडकणाऱ्या बोर्डाकडे येऊ.

आरटीओएसमध्ये टास्क कुठल्याही क्षणी मध्येच थांबवला जातो, म्हणून प्रत्येकाला आपापला स्टॅक लागतो. एव्हीआरवर टास्क बदलताना ३२ रजिस्टर, स्टेटस रजिस्टर आणि परतीचा दोन बाइटांचा पत्ता असे ३५ बाइट ठेवावे लागतात. तुमच्या डिस्प्लेच्या टास्कला दिलेत १२८. त्यातले ३५ अदलाबदलीसाठी राखायचे. एलसीडीच्या दोन ओळींसाठी १७-१७ बाइटांचे ॲरे स्थानिक घेतले असतील तर आणखी ३४. उरले ५९. त्यात स्प्रिंटएफ (आकडे मजकुरात बसवणारं फंक्शन), ते आतून बोलावतं ती फंक्शनं, एलसीडीची लायब्ररी आणि प्रत्येक पायरीचा परतीचा पत्ता. हे बसत नाही. शिवाय एव्हीआरला इंटरप्टसाठी वेगळा स्टॅक नाही. जो टास्क चालू असेल त्याच्याच स्टॅकवर इंटरप्ट आपला संसार मांडतो. म्हणजे सगळ्यात खादाड इंटरप्टची जागा एकदा नाही, प्रत्येक टास्कमध्ये वेगळी राखावी लागते.

स्टॅक भरला की हा प्रोसेसर तक्रार करत नाही. मेमरीचं रक्षण करणारं हार्डवेअर त्यात नाही. डिस्प्लेचा टास्क शेजाऱ्याच्या जागेत लिहितो, आणि मरतो शेजारी, तोही नंतर कधीतरी. तुम्ही सिरीयलच्या टास्कमध्ये चूक शोधत बसता.

तपासणं सोपं आहे. फ्रीआरटीओएस स्टॅक बनवताना तो हेक्समधल्या ए५ या बाइटाने भरू शकते आणि ‘हाय वॉटर मार्क’चं फंक्शन त्यातले किती बाइट अजून न शिवलेले आहेत ते सांगतं. प्रत्येक टास्कसाठी ते वाचून सिरीयलवर छापा. शून्याच्या जवळ आकडा दिसला की चोर सापडला. स्टॅक ओव्हरफ्लो तपासण्याची सोयही आहे, पण ती तपासणी टास्क बदलताना होते. मधल्या वेळात हद्द ओलांडून परत आलेला टास्क निसटू शकतो. तिच्यावर भरवसा ठेवून झोपू नका.

अजून एक. आर्डुइनोच्या लायब्ररी यादीतून सहज मिळणारं फ्रीआरटीओएसचं एव्हीआर रूप टिकसाठी वॉचडॉगचा (कोड अडकला तर बोर्ड रीसेट करणारा) टायमर वापरतं, आणि मूळ सेटिंगमध्ये तो टिक सुमारे १५ मिलिसेकंदांचा असतो. म्हणजे टास्कला ‘५ मिलिसेकंद थांब’ सांगताच येत नाही, आणि खरा वॉचडॉग म्हणूनही तो तुमच्या हातून जातो. आणि वन-वायरचा एक बिट वाचताना पहिल्या १५ मायक्रोसेकंदांतच पिनकडे बघावं लागतं. नेमक्या तेव्हा टास्क बदलला तर तो बिट चुकतो. म्हणून प्रत्येक बिटाभोवती इंटरप्ट बंद ठेवावेच लागतात, आणि सेन्सरने पाठवलेला सीआरसी (बिट बिघडले का ते सांगणारा आकडा) तपासावाच लागतो. सीआरसी न तपासता मिळालेलं चुकीचं तापमान हीटरच्या कोडला खरं वाटतं. (८५ अंश मात्र सीआरसीने पकडला जात नाही: तो त्या सेन्सरचा चालू होतानाचा मूळ आकडा आहे, रूपांतर न होताच वाचलं तर तोच मिळतो, सीआरसी बरोबर असूनही. म्हणून सुरुवातीचा ८५ वेगळा तपासा.)

हेच ३२ बिटांच्या कॉर्टेक्स-एम प्रोसेसरवर असतं तर मी इतका कंजूसपणा केला नसता. तिथे इंटरप्टच्या वेळी आठ रजिस्टर म्हणजे ३२ बाइट हार्डवेअर स्वतः ठेवतं, उरलेले ३२ बाइट सॉफ्टवेअर ठेवतं, आणि इंटरप्टचं बाकी काम मुख्य स्टॅकवर चालतं. टास्कच्या स्टॅकवर भार नाही. एसटीएम३२एफ१०३ सारख्या चिपमध्ये २० किलोबाइट रॅम असते, तिथे चार टास्क सुखाने राहतात. फ्लोटिंग पॉइंट युनिट असलेल्या एम४ वर मात्र, टास्क ते वापरत असेल तर, अदलाबदलीचा खर्च २०० बाइटांच्या आसपास जातो. तो धरूनच स्टॅक द्या.

उलट टोकाला काही चिपा निवडीचा प्रश्नच ठेवत नाहीत. पीआयसी१६एफ८७७ए मध्ये परतीच्या पत्त्यांचा स्टॅक हार्डवेअरमध्ये आहे, आठच पायऱ्यांचा, आणि प्रोग्रॅमला तो वाचता-लिहिता येत नाही. स्टॅक बदलताच येत नसेल तर टास्क मध्येच थांबवून दुसरा सुरू कसा करणार? एटीटायनी१३ मध्ये एकूण रॅमच ६४ बाइट. तिथे लूप आणि इंटरप्ट, बस.

मग आरटीओएस कधी घ्यावी? माझ्या मते दोन परिस्थितींत तिला पर्याय नसतो. एक, तुमच्याकडे लांब काम आहे, ते तोडता येत नाही, आणि त्याच वेळी घाईचं काम इंटरप्टमध्ये मावण्याएवढं लहान नाही. एसडी कार्डावर लिहिणं हे ठळक उदाहरण: कार्ड मध्येच २५० मिलिसेकंदांपर्यंत ‘मी कामात आहे’ म्हणू शकतं, आणि फाइल सिस्टीमची लायब्ररी तोवर आत अडून बसते. ती लायब्ररी तुम्ही तोडून लिहिणार नाही. दोन, नेटवर्कसारख्या कामाची मोठी तयार लायब्ररी वापरायची आहे आणि ती आरटीओएस गृहीत धरूनच लिहिलेली आहे.

या दोहोंच्या अलीकडे एक पायरी आहे, ती फार कमी जण वापरतात. लांब काम एकच असेल तर ते मुख्य लूपमध्ये ठेवा आणि बाकीची सगळी लहान कामं टायमरच्या एका कमी प्रायॉरिटीच्या इंटरप्टमध्ये, दर ५ मिलिसेकंदांनी चालवा. लांब काम पाहिजे तेवढं रेंगाळू दे. लहान कामं त्याच्या डोक्यावरून उडी मारून होतात. कॉर्टेक्स-एम० वर इंटरप्टच्या चार प्रायॉरिटी पातळ्या आहेत, म्हणून सिरीयलचा इंटरप्ट वरच्या पातळीवर ठेवला तर तो याही इंटरप्टला थांबवू शकतो. स्टॅक एकच, कर्नल (टास्क बदलणारा गाभा) नाही. ‘मध्येच थांबवता येणं’ एवढंच हवं असेल तर ते हार्डवेअरमध्ये तयार आहे. मी स्वतः आरटीओएसपेक्षा ही रचना जास्त वेळा वापरली आहे. एव्हीआरवर हे करायचं तर त्या इंटरप्टच्या आत बाकीचे इंटरप्ट पुन्हा चालू करावे लागतात, आणि मग तोच इंटरप्ट स्वतःच्याच आत शिरणार नाही याची काळजी घ्यावी लागते. जमतं, पण जपून.

आरटीओएस घेतलीच तर टास्क कामांप्रमाणे पाडू नका, घाईप्रमाणे पाडा. एकाच घाईची चार कामं एका टास्कमध्ये लूप करून बसतात. ज्याची पुनरावृत्ती जलद त्याला वरची प्रायॉरिटी, हा नियम लियू आणि लेलँड या संशोधकांनी १९७३ मध्ये गणिताने मांडला. एकमेकांवर अवलंबून नसलेली, ठरलेल्या मुदतीने येणारी कामं असतील आणि प्रोसेसर एकूण ६९ टक्क्यांच्या आत व्यग्र असेल तर सगळ्या मुदती पाळल्या जातात. तीनच कामं असतील तर ही मर्यादा ७८ टक्के. ‘महत्त्वाचं’ काम वर ठेवायचा मोह होतो. महत्त्व आणि घाई वेगळ्या गोष्टी आहेत. तुमच्या यंत्रात हीटर सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात निवांत आहे.

वाटून घेतलेल्या वस्तूंभोवती कुलूप लावताना बायनरी सेमाफोर आणि म्युटेक्स ही दोन प्रकारची कुलपं एकच समजू नका. १९९७ मध्ये मंगळावर उतरलेलं पाथफाइंडर यान वारंवार रीसेट होत होतं, ते याच फरकाने. हवामानाचा खालच्या प्रायॉरिटीचा टास्क कुलूप धरून बसला होता, वरच्या प्रायॉरिटीचा, यानातल्या डेटा बसचा टास्क त्याची वाट बघत होता, आणि मधल्या प्रायॉरिटीचा संदेशवहनाचा टास्क हवामानवाल्याला चालूच देत नव्हता. मुदत चुकली की वॉचडॉगसारखी तपासणी सगळं रीसेट करायची. म्युटेक्समध्ये प्रायॉरिटी वारशाने देण्याची (कुलूप धरणाऱ्याला वाट बघणाऱ्याची प्रायॉरिटी तेवढ्यापुरती देण्याची) सोय होती, फक्त बंद ठेवलेली होती; ती पृथ्वीवरून चालू केली गेली. फ्रीआरटीओएसचा म्युटेक्स ही सोय देतो, बायनरी सेमाफोर देत नाही. त्याहून बरं म्हणजे कुलूप टाळा: एलसीडीला एकच टास्क हात लावेल, बाकीच्यांनी त्याच्याकडे क्यूमधून निरोप पाठवायचा.

वॉचडॉगबद्दल एवढंच: तो टायमरच्या इंटरप्टमधून थोपटू नका. लूप मेला तरी इंटरप्ट चालू राहतो आणि वॉचडॉगला वाटतं सगळं ठीक आहे. प्रत्येक कामाने आपली फेरी झाल्यावर एक बिट उचलावा. सगळे बिट उचललेले दिसले की लूपने एकाच जागी थोपटावं आणि बिट खाली करावेत. आणि चालू होताना रीसेटचं कारण सांगणारं रजिस्टर सगळ्यात आधी वाचून छापा. वॉचडॉग, वीज खाली जाणं, रीसेटची पिन, प्रत्येकाचा वेगळा बिट आहे. तुमचा बोर्ड आपणहून रीसेट होतो म्हणता, तर हा एक आकडा तुम्हाला अर्धा दिवस वाचवेल: वीज खाली गेल्याचा बिट दिसला तर चूक कोडमध्ये नाही, हीटरच्या रिलेच्या वायरिंगमध्ये शोधायची. आणि कुठलाच बिट उचललेला नसेल तर खरा रीसेट झालेलाच नाही. स्टॅकवरचा परतीचा पत्ता बिघडून प्रोग्रॅम शून्यावर उडी मारून आलाय. एक सावधगिरी: आर्डुइनोचा बूटलोडर (तुमच्या कोडच्या आधी चालणारा छोटा प्रोग्रॅम) हे रजिस्टर तुमच्या आधी पुसून टाकू शकतो, म्हणून या चाचणीपुरतं प्रोग्रॅमर या उपकरणाने थेट कोड भरा.

तुम्ही आता या क्रमाने जा. फ्रीआरटीओएस काढण्याआधी प्रत्येक टास्कचा हाय वॉटर मार्क छापून बघा, म्हणजे माझा अंदाज खरा की खोटा ते तरी कळेल. मग लूपवर परत या, सेन्सरच्या तीन अवस्था करा, एलसीडीला एका फेरीत एक अक्षर. एक मोकळी पिन लूपच्या सुरुवातीला दर फेरीत उलटी करा आणि लॉजिक अ‍ॅनलायझर किंवा ऑसिलोस्कोपवर सगळ्यात रुंद पट्टी बघा. उपकरण नसेल तर एका फेरीचा जास्तीत जास्त वेळ व्हेरिएबलमध्ये साठवून सिरीयलवर विचारल्यावर सांगायची सोय करा. तासभर चालवा, बटणं दाबत राहा, संगणकाकडून आदेशांचा मारा करा. तो आकडा १० मिलिसेकंदांच्या वर गेला तर कुठल्या कामाने गेला ते त्याच पद्धतीने, एकेका कामाभोवती पिन उलटी करून शोधा आणि इथे लिहा; बहुतेक वेळा एखाद्या लायब्ररीत लपलेला डिले सापडतो.